युद्धात आपल्याच माऱ्यात आणि अपघातांत जवान का दगावतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९१ च्या आखाती युद्धात इराकी माऱ्याने जेवढे अमेरिकी सैनिक गेले त्याहून जास्त अपघातांत आणि स्वतःच्याच सैन्याच्या माऱ्यात गेले, असं वाचनात आलं. एवढं प्रगत सैन्य असताना हा निव्वळ निष्काळजीपणा नाही का? दोषींना शिक्षा का होत नाही? आपल्याकडेही असं घडतं का? आणि अशा जवानाच्या घरच्यांना लढाईत पडलेल्या जवानाइतकंच मिळतं का?

तुम्ही वाचलेला आकडा खरा आहे. डेझर्ट स्टॉर्म मोहिमेत अमेरिकेचे २९४ जण गेले. त्यांतले ११४ शत्रूच्या हातून, ३५ आपल्याच माऱ्यात आणि १४५ अपघातांत. म्हणजे ११४ विरुद्ध १८०. पण या १८० जणांचा हिशेब एकत्र करू नका. अपघातांत थकवा, मोडलेली शिस्त, निष्काळजीपणा बरेचदा सापडतो. आपल्याच माऱ्याच्या घटनांत मात्र गोळी झाडणारा बहुतेक वेळा शिकवल्याप्रमाणे आपलं काम करत असतो आणि त्याच्याकडची माहिती चुकलेली असते. म्हणून अशा घटनेचे कागद हातात आले की ट्रिगर कोणी दाबला हे मी शेवटी बघतो. आधी तीन गोष्टी बघायच्या. मारणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे त्या क्षणी आपली माणसं कुठे होती? प्रत्यक्षात ती कुठे होती? आणि हा फरक नेमका कोणाच्या हातात, कोणत्या टप्प्यावर पडला?

टक्केवारीबद्दल एक इशारा देतो. लढाईत पडलेल्या १४९ (११४ अधिक ३५) पैकी ३५ म्हणजे जवळजवळ २४ टक्के. त्याआधी अमेरिकी लष्करात हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत धरलं जाई. मग १९९१ मध्ये सैन्य एकदम बेपर्वा झालं का? तसं नाही. एक तर शत्रूचा मारा दुबळा असला की एकूण मृत्यू कमी होतात आणि आपल्याच माऱ्याचा वाटा आपोआप फुगतो. दुसरं कारण पुराव्याचं आहे. अमेरिकी रणगाड्यांचे गोळे डिप्लिटेड युरेनियम या जड धातूचे होते, इराककडे तसे गोळे नव्हते. जळालेल्या गाडीच्या भोकाशी त्या धातूचा अंश सापडला की गोळा कोणाचा याबद्दल शंका उरत नसे. आधीच्या युद्धांत असा पुरावा मिळत नव्हता, त्यामुळे असे कितीतरी मृत्यू शत्रूच्या खात्यात गेले असणार. जुना २ टक्क्यांचा आकडा मी कधीच प्रमाण मानत नाही.

आता वाळवंटात झालं काय ते बघा. रणगाड्याच्या थर्मल साइटमध्ये, म्हणजे उष्णतेवरून दाखवणाऱ्या दुर्बिणीत, रात्री दोन-तीन किलोमीटरवरचा गरम ठिपका दिसतो. पण तो इराकी टी-७२ रणगाडा आहे की अमेरिकी ब्रॅडली चिलखती गाडी, हे ओळखायला बरंच जवळ जावं लागतं. तोफेचा पल्ला मोठा आणि ओळखीचा पल्ला छोटा, या मधल्या पट्ट्यात माणसं मेली. मित्रसैन्याच्या गाड्यांवर उलटा व्ही रंगवला होता, वर भडक रंगाचे पट्टे टाकले होते. पण साधा रंग थर्मलमध्ये उठत नाही आणि उंचावरून वेगाने जाणाऱ्या वैमानिकाला पट्टा दिसेलच असंही नाही. २९ जानेवारी १९९१ च्या रात्री सौदी अरेबियातल्या खफजीच्या लढाईत अमेरिकी मरीन दलाच्या दोन चिलखती गाड्या अशाच गेल्या. एकीवर सोबतच्याच गाडीने रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र सोडलं, त्यात ४ गेले. दुसरीवर मदतीला आलेल्या ए-१० विमानाचं क्षेपणास्त्र पडलं, त्यात ७. पुढे २६ फेब्रुवारीला, तेही दिवसाउजेडी, ए-१० विमानांनी दोन ब्रिटिश वॉरियर गाड्या उडवल्या आणि ९ ब्रिटिश सैनिक मारले गेले.

मात्र ओळख चुकणं हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. माझ्या मते जास्त घातक चूक ठिकाणाची असते. तिचा सगळ्यात बोलका नमुना अफगाणिस्तानातला. ५ डिसेंबर २००१ ला कंदाहारच्या उत्तरेला विमानाला लक्ष्य देणाऱ्या अमेरिकी सैनिकाने हातातल्या जीपीएस यंत्रावर शत्रूच्या ठाण्याचे अक्षांश-रेखांश काढले होते. आकडे वरच्या बी-५२ विमानाला सांगण्याआधी बॅटरी संपली. त्याने नवी बॅटरी घातली. यंत्र पुन्हा सुरू झालं की पडद्यावर लक्ष्याचं नव्हे, स्वतःचंच ठिकाण दाखवायचं, आणि हे त्याच्या ध्यानात नव्हतं. पडद्यावरचे आकडे त्याने वाचून दाखवले. साधारण ९०० किलोचा उपग्रह-मार्गदर्शित बॉम्ब सांगितलेल्या जागी अचूक पडला, म्हणजे त्यांच्याच अंगावर. ३ अमेरिकी सैनिक आणि सोबतचे काही अफगाण ठार झाले, तिथेच असलेले हमीद करझाई किरकोळ जखमी झाले. इथे यंत्र बिघडलं नव्हतं, बॉम्ब चुकला नव्हता, वैमानिकाने आज्ञा मोडली नव्हती. तोडगा तसा साधा होता: लक्ष्याचे आकडे सांगण्याआधी ते नकाशावर टाकून बघायचे, आणि लक्ष्य व आपलं ठिकाण यांतलं अंतर आणि दिशा मोठ्याने म्हणायची. "लक्ष्य माझ्यापासून उत्तरेला, दोन किलोमीटर." अंतर शून्य आलं तर हात तिथेच थांबतो.

तोफखान्यातही गणित असंच निष्ठुर आहे. तिथे वर्तुळाचे ६४०० भाग करतात, एका भागाला मिल म्हणतात. एक मिलची चूक म्हणजे एक किलोमीटरवर साधारण एक मीटर. तोफेवर १० मिल चुकीचे लावले आणि लक्ष्य १५ किलोमीटरवर असलं, तर गोळा जवळपास दीडशे मीटर बाजूला. नकाशावरची जागा सांगणाऱ्या सहा आकडी ग्रिडमध्ये दुसरा किंवा पाचवा आकडा एकाने चुकला तर पूर्ण एक किलोमीटर. गोळा फेकणाऱ्या दारूची एक पिशवी कमी-जास्त झाली तर फरक किलोमीटरच्याच हिशेबात. म्हणून पुढे राहून लक्ष्य बघणाऱ्या निरीक्षकाने सांगितलेलं प्रत्येक वाक्य तोफेकडून परत वाचून दाखवतात आणि एकाने काढलेले आकडे दुसरा स्वतंत्रपणे काढतो. या दुसऱ्याने पहिल्याच्या कागदात डोकावून मान डोलावली की त्या तपासणीला अर्थ उरत नाही, हे लक्षात ठेवा. घाईत पहिलं हेच सुटतं.

त्यातही, काहीही न चुकता गोळे विखुरतातच, आणि आडवे कमी, लांबीत जास्त. म्हणजे तोफ ते लक्ष्य या रेषेवर ते पुढे-मागे पडतात. आपली तुकडी त्या रेषेखाली असेल तर आखूड पडलेला गोळा तिच्यावर येतो. तीच तुकडी तेवढ्याच अंतरावर रेषेच्या बाजूला असेल तर धोका बराच कमी. अमेरिकी नियमात तोफा आणि उखळी तोफांसाठी आपली माणसं लक्ष्यापासून ६०० मीटरच्या आत असली की 'डेंजर क्लोज' धरतात. याचा अर्थ मारा बंद असा नाही. खालचा कमांडर धोका ओळखून, जबाबदारी घेऊन तो मागतो आणि एकेक गोळा सरकवत लक्ष्यावर आणतो.

फ्रान्समधल्या नॉर्मंडीत १९४४ मध्ये हाच हिशेब हजारो फुटांवरून चुकला. २४ आणि २५ जुलैला जर्मन फळी फोडण्याच्या ऑपरेशन कोब्रासाठी बॉम्बफेक व्हायची होती. विमानांनी आघाडीवरच्या रस्त्याला समांतर यावं असं जमिनीवरच्या जनरल ब्रॅडलींचं म्हणणं होतं, म्हणजे आखूड-लांब पडलेले बॉम्ब आपल्या माणसांवर येणार नाहीत. हवाई दलाने काटकोनात, आपल्याच सैन्याच्या डोक्यावरून येणं पत्करलं, कारण दीड हजार जड विमानं अरुंद पट्ट्यातून लांबीने न्यायला फार वेळ लागला असता. वाऱ्याने धूळ आपल्या बाजूला आणली, मागची विमानं धुळीच्या कडेवर बॉम्ब टाकत राहिली. पहिल्या दिवशी २५ आणि दुसऱ्या दिवशी १११ अमेरिकी गेले. त्यांत पाहणीसाठी आलेले लेफ्टनंट जनरल मॅकनेअरही होते. दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी रास्त होतं. निर्णय होऊन गेल्यावर दोघांची समजूत वेगळीच राहिली, ही खरी चूक.

हवेतल्या घटनांत एक शब्द सतत येतो: आयएफएफ, म्हणजे मित्र की शत्रू हे रेडिओ संकेताने विचारणारी यंत्रणा. लोकांना वाटतं हे यंत्र बसवलं की प्रश्न मिटला. पण उत्तर आलं तर समोरचा आपला, एवढंच ते सांगतं. उत्तर नाही आलं याचा अर्थ शत्रू असा होत नाही. यंत्र बंद असेल, बिघडलं असेल, संकेत जुना असेल. फॉकलंडच्या युद्धात ६ जून १९८२ ला ब्रिटिश युद्धनौकेने ब्रिटिश सैन्याचंच गझेल हेलिकॉप्टर पाडलं, ४ जण गेले. दुसऱ्या यंत्रणेत अडथळा येतो म्हणून हेलिकॉप्टरवरचं आयएफएफ बंद ठेवलेलं होतं. १४ एप्रिल १९९४ ला उत्तर इराकवर अमेरिकी एफ-१५ विमानांनी आपलीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली आणि २६ जण मेले. हेलिकॉप्टरांवर निषिद्ध क्षेत्राबाहेरचा संकेत लावलेला होता, आत गेल्यावर वेगळा लावायचा हे त्यांना माहीतच नव्हतं. वैमानिक जवळून उडून गेले, तरी बाजूला लावलेल्या जादा इंधन टाक्यांमुळे ती त्यांना रशियन हाइंड हेलिकॉप्टरं वाटली. मार्च २००३ मध्ये कुवेतच्या सीमेजवळ पॅट्रियट क्षेपणास्त्राने ब्रिटिश टॉर्नेडो पाडलं. संगणकाने त्याला रडारवर येणारं क्षेपणास्त्र ठरवलं होतं आणि चालकदलाच्या हातात जेमतेम एक मिनिट होतं.

आपल्याकडचं बडगाम याच जातीचं. २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाकिस्तानी विमानं सीमेवर असताना श्रीनगरच्या तळावरून सुटलेल्या आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे ६ जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. दोघा वैमानिकांपैकी स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे नाशिकचे. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला हवाईदल प्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं. इथेही हेलिकॉप्टरवरचं आयएफएफ बंद होतं, आणि हवाई नियंत्रण व क्षेपणास्त्र यांच्यात जी माहिती फिरायला हवी ती फिरली नाही. त्याआधीचं उदाहरण १९७१ चं. कॅप्टन मोहन नारायण राव सामंत यांच्या नेतृत्वाखालच्या छोट्या ताफ्यातल्या 'पद्मा' आणि 'पलाश' या मुक्तिवाहिनीच्या गनबोटी १० डिसेंबरला खुलनाजवळ भारतीय विमानांच्याच हल्ल्यात बुडाल्या. ओळखीसाठी बोटींचा वरचा भाग पिवळा केलेला होता. खूण ठरलेली असून भागत नाही; ती त्या दिवशी त्या वैमानिकापर्यंत पोचली आहे का, आणि त्या उंचीवरून, त्या वेगात ती दिसते का, हे दोन्ही जुळावं लागतं.

२००३ पासून गाड्यांचं ठिकाण उपग्रहावरून पडद्यावर दाखवणारी यंत्रणा आली आणि तिने खूप जीव वाचवले. पण ठिपका काही मिनिटं जुना असू शकतो आणि गाडीतून उतरून पायी गेलेला सैनिक त्या पडद्यावर नसायचा. ९ जून २०१४ ला अफगाणिस्तानात झाबुल प्रांतात बी-१ विमानाने ५ अमेरिकी आणि १ अफगाण सैनिक मारले. सैनिकांकडे इन्फ्रारेड चमकते दिवे होते. पण त्या विमानाच्या लक्ष्यशोधक यंत्राला हे दिवे दिसतच नाहीत, हे ना वरच्यांना ठाऊक होतं, ना खालच्यांना. दिवा दिसत नाही म्हणजे तिथे आपलं कोणी नाही, असा अर्थ काढला गेला.

आता अपघात. यावर कमी बोललं जातं, आणि मला ते खटकतं, कारण टाळता येण्याजोगे जीव इथे जास्त आहेत. रायफल रिकामी करतानाची एक चूक बघा. आधी मॅगझिन काढायचं, मग कॉक करून, म्हणजे खटका मागे ओढून, चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकातली) गोळी बाहेर काढायची, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने बघायचं, मग नळी वाळूच्या खोक्याकडे धरून ट्रिगर दाबायचा. दमलेला जवान गस्तीवरून येतो आणि क्रम उलटा करतो: आधी कॉक, मग मॅगझिन. कॉक केल्यावर जुनी गोळी बाहेर पडते, पण लावलेल्या मॅगझिनमधून नवी आत जाते. मॅगझिन हातात असतं, म्हणून हत्यार रिकामं वाटतं. ट्रिगर दाबला की गोळी सुटते. नळी तंबूकडे असेल तर समोर कोण बसलंय त्यावर सगळं अवलंबून. म्हणून रिकामं करायची जागा ठरलेली हवी, बाजूला दुसरा माणूस बघायला हवा, आणि कितीही थंडी-पाऊस असला तरी यात सूट नको.

गाड्यांचंही तसंच. चिलखती गाडीच्या चालकाला जवळची जमीन दिसत नाही. रात्री, दिवे बंद ठेवून, गाडी मागे घेताना पुढे-मागे पायी चालणारे वाटाडे नसतील तर जमिनीवर झोपलेला माणूस चिरडला जातो. गाडीच्या शेजारी किंवा खाली झोपायला बंदी असते ती यासाठीच. खालची माती मऊ असेल तर उभी गाडीसुद्धा रात्रीतून खचते. डोंगरी रस्त्यावर चालकाची झोप आणि रस्त्याची कड यांनी जेवढे ताफे अडवले तेवढे गोळीबाराने क्वचित. हिवाळ्यात बंद बंकरमध्ये रात्रभर रॉकेलची बुखारी (शेगडी) पेटती ठेवली तर विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. वायुवीजनाचं भोक थंडी येते म्हणून चिंध्यांनी बुजवलेलं असतं, ते दर रात्री कोणीतरी तपासायलाच हवं.

भूसुरुंग तर दोन्ही गटांच्या सीमेवर. डिसेंबर २००१ ते ऑक्टोबर २००२ या ऑपरेशन पराक्रमच्या, म्हणजे पाकिस्तान सीमेवर सैन्य उभं केल्याच्या, काळात लढाई न होता जवळपास ८०० जवान गेल्याचं सरकारी आकडेवारीत आलं. सुरुंग पेरणं-काढणं, दारूगोळ्याची हाताळणी आणि रस्त्यावरचे अपघात ही त्याची मोठी कारणं. सुरुंग घाईने पेरले, नोंदवहीत खुणेचा दगड नीट टिपला नाही, मधे पाऊस पडला किंवा वाळू सरकली, की काढायला आलेल्याला नकाशातल्या जागी सुरुंग मिळत नाही. तो पावलाखाली मिळतो. आणि दारूगोळा नुसता ठेवलेला असला तरी म्हातारा होतो. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या भांडारात ३१ मे २०१६ ला जी आग लागली, तिच्या मुळाशी टीएनटी झिरपणारे सदोष रणगाडाविरोधी सुरुंग होते.

शिक्षेबद्दल. सगळं 'युद्धाच्या धामधुमीत' ढकलून द्यावं असं मी म्हणत नाही. १७ एप्रिल २००२ ला कंदाहारजवळ कॅनडाचे सैनिक गोळीबाराचा सराव करत होते. वरून जाणाऱ्या अमेरिकी एफ-१६ च्या वैमानिकाला थांबण्याचा आदेश मिळाला होता. तरी त्याने स्वसंरक्षणाचं कारण देत बॉम्ब टाकला आणि ४ कॅनेडियन गेले. तिथे दोष माणसाचा होता. त्याच्यावर कर्तव्यच्युतीचा ठपका आला आणि पगारातून दंड कापला गेला. बडगाम प्रकरणातही अधिकाऱ्यांवर कोर्ट मार्शल चाललं. प्रश्न असा विचारावा: आदेश माहीत असून मोडला, की मिळालेल्या माहितीवर कोणीही तेच केलं असतं? पहिल्याला शिक्षा हवी. दुसऱ्यालाही तीच दिली तर पुढच्या वेळी खालची माणसं खरं सांगणार नाहीत, आणि तोच सांधा परत निसटेल. लपवाछपवी मात्र अक्षम्य. फुटबॉल सोडून सैन्यात गेलेला अमेरिकी खेळाडू पॅट टिलमन २२ एप्रिल २००४ ला आपल्याच माणसांच्या गोळीने पडला. तो शत्रूशी लढताना गेला असं सांगून शौर्यपदक दिलं गेलं आणि घरच्यांना खरं महिन्याभराने कळलं. त्या आईवडिलांना पुढे अनेक वर्षं चौकश्यांमागे फिरावं लागलं.

शेवटचा प्रश्न घरच्यांचा. 'शहीद' ही आपल्या सैन्यदलांच्या नियमांतली संज्ञा नाही. सगळं ठरतं ते मृत्यूच्या नोंदीवर: 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतली हानी) की 'फिजिकल कॅज्युअल्टी' (इतर कारणांची हानी). कार्यक्षेत्रात कर्तव्यावर असताना आपल्याच माणसांकडून अनवधानाने मारला गेलेला जवान बॅटल कॅज्युअल्टीत बसतो. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात, सीमेजवळ आपल्याच सुरुंगाच्या स्फोटात गेलेलाही युद्धातल्या मृत्यूच्या गटात धरला आहे. या गटात उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, म्हणजे शेवटच्या पगाराइतकं. कर्तव्यावरच्या साध्या अपघातात विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, ते ६० टक्के. एकरकमी मदतीतही फरक पडतो.

तेव्हा कोणाच्या घरी असा प्रसंग आला असेल तर मृत्यूची पार्ट टू ऑर्डर (सैन्यातली अधिकृत नोंद) कोणत्या वर्गाखाली निघाली ते रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी मागून घ्या. कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या (लष्करी चौकशीच्या) निष्कर्षाची प्रत मागा, आणि जागा अधिसूचित मोहिमेच्या क्षेत्रात होती का हे त्यात शोधा. बहुतेक वाद तिथेच अडतात. वर्ग चुकला असं वाटलं तर आधी खात्यात अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. कागद जुळवायला आणि राज्य सरकारच्या मदतीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. बरीच वर्षं उलटली म्हणून परत फिरू नका, निवृत्तिवेतनाचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो. फक्त मागची थकबाकी बरेचदा अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळते, म्हणून अर्ज जितक्या लवकर तितका बरा.